इम्प्लाय, इन्फर आणि ब्रेकरजवळची जागा

लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये मी पाहुण्यांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. तोंडी देत नाही, फक्त लिहिते. नोकरी घेतली ती त्याचसाठी. समोर माणूस नसतो, त्याचा मेल असतो, आणि उत्तर देण्याआधी मला हवा तेवढा वेळ गप्प बसता येतं. घरी दहा मिनिटं गप्प बसलं की कुणीतरी विचारतंच, "काय झालं? रुसलीस का?" ऑफिसात कुणी विचारत नाही.

तरी पहिल्याच महिन्यात घोळ घातला. एका बाईंनी लिहिलं होतं की नाश्त्याला त्यांना इडली मिळाली नाही, शेजारच्या टेबलावर मात्र होती. मी चांगलं लांबलचक उत्तर तयार केलं. आम्ही कोणत्याही पाहुण्याशी दुजाभाव करत नाही, सगळे आम्हाला सारखेच, वगैरे. पाठवण्याआधी आमच्या मॅडमनी ते वाचलं आणि मला बोलावलं.

"दुजाभाव केला असं त्या कुठे म्हणाल्यात?"

"म्हणाल्या नाहीत. पण रोख तोच आहे ना."

"मग ते त्यांनी इम्प्लाय केलं, की तू इन्फर केलंस?"

मी बालवाडीपासून इंग्रजी शाळेत शिकलेली. हे दोन्ही शब्द मी शेकडो वेळा वाचलेले होते, आणि मनातल्या मनात दोन्ही एकाच कप्प्यात टाकलेले होते. दोन्हींचा अर्थ 'आडून काहीतरी' असा. मॅडमनी टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं. "हे मी सरकवलं, म्हणजे इम्प्लाय. बोलणारा करतो. आता तू ते उचललंस, म्हणजे इन्फर. ऐकणारा करतो. आणि पुष्कळदा कुणी काही सरकवलेलंच नसतं, तरी लोक उचलतात. तू आत्ता तेच केलंयस. लिहिलंय तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. इडली संपली होती, माफ करा, उद्या ठेवू. बस."

मला हे इतकं पटलं की ऑफिसपुरतं न ठेवता मी ते घरीही आणलं. लिहिलंय तेवढंच, म्हटलंय तेवढंच. माझ्यासारख्या, मनातलं बाहेर न काढणाऱ्या मुलीला याहून सोयीचा नियम सापडला नसता.

अडचण एवढीच की आमच्या घराण्यात म्हटलंय तेवढंच कुणी ऐकतच नाही. कुणी काय म्हणालं हे आम्ही विचारत नाही. 'त्याला काय म्हणायचंय' असं विचारतो. म्हणालेलं सगळ्यांनी ऐकलेलंच असतं, त्याची कुणाला पर्वा नसते. आणि याबाबतीत सगळ्यांच्या वरचढ माझी मावशी.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. कार्ल्यात, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू, वर निळी ताडपत्री, कोळशाची शेगडी, मक्याची कणसं, उकडलेल्या शेंगांचं पातेलं आणि लिंबू सरबताची बरणी. मागे एका मोकळ्या प्लॉटची भिंत, डोक्यावर करंजाची सावली आणि समोर रस्त्यावर ब्रेकर. यातला ब्रेकर सर्वांत महत्त्वाचा. तिथे गाडी हळू होते, काच खाली येते, भाजलेल्या कणसाचा वास आत जातो. "निम्मं गिऱ्हाईक त्यो ब्रेकरच आनतो," असं मावशी म्हणते. काका गेले तेव्हापासून तिचं घर या जागेवर चाललंय. ती जागा नसली तर दुसरं काही नाही.

शाळेच्या सुट्टीत मी तिच्याजवळ बसायचे. गाडीतली माणसं कणसांकडे बघत म्हणायची, "येताना घेतो हं, मावशी." मग मी त्यातली दोन चांगली कणसं बाजूला काढून ठेवायचे.

"कुनासाटी ठेवतीस?"

"ते येताना घेणार आहेत."

"न्हाई येत ते."

"पण आत्ताच म्हणाले ना!"

"म्हनले म्हनून तर न्हाई येत. ज्याला घ्यायचं असतंय त्यो सांगत न्हाई बसत, गाडी थांबवतो."

आणि ते खरंच यायचे नाहीत. मला राग यायचा, पण त्या लोकांचा नाही, मावशीचा. तिचंच खरं व्हायचं म्हणून.

तिच्या मागचा प्लॉट मागच्या वर्षी विकला गेला. नवे मालक मुंबईचे, वयस्कर नवरा-बायको. पावसाळा सरत आला तेव्हा एके दिवशी त्यांच्या राखणदार भाऊंनी मावशीला एक पाकीट आणून दिलं. भाऊ गावातलेच, शेतकरी घरचे, मावशीला वर्षानुवर्षं ओळखणारे. "वैनी, सायबानी दिलंय. इंग्लिशमदी हाय. मला काय कळंना," म्हणाले आणि गेले.

इंग्रजी म्हटल्यावर मला बोलावणं आलंच. रविवारी वराळ्याच्या आमच्या घरून मी आणि आई कार्ल्याला गेलो. सकाळची वंदना नुकतीच संपली होती, माणसं अजून विहारातच बसलेली. मावशीने पाकीट सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. माणसांसमोर मोठ्याने वाचायचं म्हटलं की माझे कान तापतात. तरी वाचलं, मराठीत सांगितलं. आमच्या भिंतीलगत तुमचा स्टॉल आहे हे आमच्या पाहण्यात आलं आहे. दसऱ्यानंतर आमचं बांधकाम सुरू होईल, मालाच्या गाड्या येऊ लागतील. त्याआधी तुमच्या सोयीच्या वेळी तुमच्याशी बोलायला आम्हाला आवडेल. खाली सही आणि फोन नंबर.

"मंग काय म्हनायचंय त्यान्ला?" हे आबा. आबा म्हणजे मावशीचे दीर, कारखान्यातून रिटायर झालेले. विहारात शेवटचा शब्द सहसा त्यांचा.

"एवढंच म्हटलंय, आबा."

"येवडंच? येवड्यासाटी कोन इंग्लिशमदी लिवतंय व्हय? उठा म्हनलंय का?"

"नाही."

"मंग ऱ्हावा म्हनलंय?"

"नाही. तेही नाही म्हटलं."

"मंग त्या दोन वळींच्या मदी काय हाय?"

"मध्ये काही नाही, आबा. मोकळी जागा आहे."

"बगा," आबा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "पंधरा वरसं इंग्लिश शाळेत घातली पोरगी, आन् आता मोकळी जागा वाचून दावती!"

सगळे हसले. माझी आईसुद्धा. मावशी हसली नाही. ती पत्राकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

मला मॅडमचा नियम आठवला. लिहिलंय तेवढंच. मी चेहरा अगदी सपाट केला, आवाज खाली आणला आणि एकेक शब्द तोलून म्हणाले, "मावशी, अजून काही ठरलेलं नाही. त्यांनी फक्त बोलायला बोलावलंय. तू काळजी करू नकोस. मी फोन करून विचारते."

या चार वाक्यांत एक अक्षर चुकीचं नव्हतं. आजही मी ते लिहून सही करून द्यायला तयार आहे.

मावशीने पत्राची चौघडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि "बरं" म्हणाली. मग आईला विचारलं, पोरीने सकाळपासून काही खाल्लंय का.

फोन करायचं काम माझ्यावर होतं, आणि फोन करायला मी किती घाबरते ते माझं मला माहीत. सोमवारी ऑफिसात काम फार होतं, असं मी स्वतःला सांगितलं. मंगळवारी नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत बंद केला. बुधवारी डबा भरता भरता आई म्हणाली, "ताईनं दुकान हलवलं म्हणे."

"हलवलं म्हणजे? कुठे?"

"मोरीपाशी. सोमवारीच."

ओढ्यावरची ती मोरी ब्रेकरच्या पुढे आहे. तिथे ना सावली ना थांबायला जागा, आणि ब्रेकर ओलांडलेला गाडीवाला तिथे नेमका ॲक्सिलरेटर दाबतो. त्या जागी मावशी तीन दिवस कणसं भाजत बसली होती आणि गाड्या तिच्या अंगावर पाणी उडवत चालल्या होत्या. मी अर्धा दिवस रजा टाकली. लोणावळ्याहून कार्ल्यापर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात जेवढं भांडले तेवढं आयुष्यात कुणाशी तोंडाने भांडलेली नाही.

आधी जुन्या जागेवरून गेले. करंजाखाली शहाळ्यांचा टेम्पो उभा होता. या रस्त्यावर मोकळी जागा दोन दिवस मोकळी राहत नाही.

मावशी मोरीच्या कठड्याला टेकून बसली होती. शेगडी होती, पण कणसं टोपलीतच.

"कुणी सांगितलं तुला उठायला?" मी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तूच की."

"मी? मी कधी सांगितलं?"

"काळजी करू नगं म्हनलीस."

"हो! म्हणजे काळजी करू नको!"

"आपल्यात काळजी करू नगं कवा म्हंत्यात गं?"

कधी म्हणतात ते मला माहीत होतं. आमच्याकडे कुणी गेलं की गेलं असं फोनवर सांगत नाहीत. 'तब्येत जरा जास्त झालीय, निघून या, काळजी करू नका' असं सांगतात. माणूस वाटेत कोसळू नये म्हणून. आजोबा गेले तेव्हा आईला असाच फोन आला होता. मी लहान होते. आईने फोन खाली ठेवला आणि काही न विचारता पांढरी साडी पिशवीत भरायला घेतली. मी म्हटलं, "पण फक्त तब्येत बरी नाही म्हणाले ना?" आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. आमच्यात खरी वाईट बातमी नेहमी अशीच येते, सपाट चेहऱ्याने, खालच्या आवाजात, तोलून मापून. आणि मी रविवारी विहारात, सगळ्यांसमोर, अगदी त्याच सुरात बोलले होते.

तरी मी हटले नाही. मी तिथे, मोरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात मावशीला इम्प्लाय आणि इन्फर समजावून सांगितलं. मॅडमच्या पेनाऐवजी कणीस वापरलं. हे मी तुझ्याकडे सरकवलं तर वेगळं, आणि मी काहीच सरकवलं नसताना तू उचललंस तर वेगळं. "मी काहीही सुचवलं नव्हतं, मावशी. अर्थ तू काढलास!"

"मंग काडनारच की," मावशी शांतपणे म्हणाली. "तू देतच न्हाईस, त आमी काडायचा बी न्हाई व्हय? तुज्या तोंडावर काय दिसत न्हवतं त्या दिशी. तुज्या काकाच्या येळला डाक्टर भाईर आला, तवा असंच तोंड केलतं त्यानं."

"अगं पण निदान वाट बघायची! मी फोन करणार होते ना?"

"त्यांची मानसं येऊन सामान फेकनार, मंग गाव बगनार. त्यापरीस आपल्या हातानं उचाललेलं बरं." मग जरा थांबून तिने विचारलं, "केलतास का फोन?"

मी हातातलं कणीस टोपलीत परत ठेवलं.

"न्हाई केला," मावशी म्हणाली. म्हणजे हेही बरोबर.

मग तिच्यासमोरच, कठड्यावर बसून मी फोन लावला. पलीकडे एका वयस्कर माणसाचा आवाज आला, इंग्रजीत. मी नाव-गाव सांगितलं आणि सरळ विचारलं, "तुम्हाला माझ्या मावशीने तिथून उठायला हवंय का?" आयुष्यात इतकं सरळ मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"उठायला? छे छे! असं कोण म्हणालं?"

"कुणी म्हणालं नाही. पण उठू नका असंही पत्रात नाही."

"अहो, पत्र स्नेहाचं होतं," ते म्हणाले. "ते त्यातून इम्प्लाइड होतं, असं मला वाटलं."

तो शब्द त्यांनी जसाच्या तसा वापरला. फोन मोरीत टाकावा असं मला मनापासून वाटलं.

त्यांना सांगायचं होतं ते एवढंच. मालाचे ट्रक वळताना धूळ उडेल, ती कणसांवर बसेल, तेव्हा मावशीने शेगडी प्लॉटच्या आत्ताच्या लहान गेटपासून लांबच्या अंगाला घेतली तर बरं. आणि कामावरच्या माणसांना सकाळचा चहा तिने दिला तर त्यांचीही सोय होईल. बस. आणि हे सगळं ते मला स्वच्छ मराठीत सांगत होते. मराठीच माणूस होता तो, सरळ दादरचा.

"मग पत्र इंग्रजीत का लिहिलंत?" मी विचारलं. नको होतं विचारायला, पण निघून गेलं.

"पत्र म्हटलं की जरा नीट असावं ना," ते म्हणाले. "त्यांचा मान राखायला."

मी मावशीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, टोपली उचलली आणि म्हणाली, "चल."

शहाळीवाला मात्र टेम्पो हलवेना. जागा काय कुणाच्या नावावर आहे का, म्हणाला. भाऊंनी समजावलं, आबा येऊन चढ्या आवाजात बोलून गेले, तरी नाही. शनिवारी मालक आणि त्यांची बायको स्वतः आले तेव्हा मी त्यांना विनंती केली की चार ओळी मराठीत लिहून द्या. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिलं. या जागी यांचा स्टॉल पूर्वीपासून आहे. सध्या तो इथेच राहण्यास आमची काही हरकत नाही. खाली सही. शहाळीवाल्याने कागद दोनदा वाचला आणि गाडी चालू करत मावशीला म्हणाला, "कागदाची काय गरज व्हती मावशी, नुसतं सांगायचं." हे आठवलं की मला अजून ठसका लागतो.

मालक-मालकीणबाईंनी एकेक कणीस खाल्लं, तिखट जास्त झालं म्हणून सरबत प्याले आणि गेले. बांबू परत रोवले, ताडपत्री बांधली. मी हुश्श करून शेंगांच्या पातेल्याजवळ बसले. आता तरी हे संपलं, असं मला वाटलं. मावशीने कागद हातात घेतला होता. तिला मराठी वाचता येतं, सावकाश, बोट ठेवून. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत बोट पहिल्याच शब्दावर थांबलं, ते पुढे जाईना.

"हे 'सध्या' कशापायी घातलंय?"

मला इतका वैताग आला! इंग्रजीत होतं तर मराठीत आणून दिलं, तोंडी होतं तर लेखी आणून दिलं, आणि आता हिला त्यातही खोट दिसते.

"सध्या म्हणजे आत्ता, मावशी."

"ते कळतंय मला. काय म्हनायचंय त्यान्ला?"

मॅडमचा नियम तोंडाशी आला होता. लिहिलंय तेवढंच. पण मी त्या भिंतीकडे बघितलं. बांधकामासाठी चुन्याच्या खुणा केल्या होत्या, आणि मावशीच्या ताडपत्रीच्या मागे नेमक्या दोन जाड रेघा होत्या, गाडी आत जाईल एवढ्या अंतराने. त्या मी सकाळीच पाहिल्या होत्या. पाहून गप्प बसले होते. कुणी विचारलं नव्हतं ना.

"मावशी," मी म्हटलं, "बंगला झाला की त्यांचं मोठं गेट इथे येणार, असं मला वाटतं. त्या बघ रेघा. तेव्हा ते तुला उठायला सांगतील. त्यांनी लिहिलेलं नाही, बोललेले नाहीत. पण मला तसं वाटतंय."

बोलून झालं आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मावशीचा चेहरा मात्र पडला नाही. उलट विहारातल्या त्या रविवारपासून पहिल्यांदा तो सैल झाला.

"हां," ती म्हणाली. "आता कसं. बंगल्याला किती टाइम लागंल?"

"दीड-दोन वर्षं तरी."

"लय झाली." तिने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि बांबूला बांधला, गाडीतून दिसेल असा. "तवर बगू. त्या फुडच्या चिंचेपाशी बी नवा ब्रेकर टाकनार हायेत म्हंत्यात. मी इचारून ठेवलंय."

म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं. रेघा तिनेही पाहिल्या असणार. माझ्या तोंडून ऐकायचं होतं एवढंच. म्हणजे असं मी इन्फर करते. तिने तसं म्हटलेलं नाही.

ब्रेकरवर एक पांढरी गाडी हळू झाली. काच खाली आली, आतून एका बाईंनी कणसांकडे बघितलं, वास घेतला, हसल्या. "येताना घेतो हं, मावशी!" गाडी पुढे गेली.

मावशीने माझ्याकडे बघितलं. "सांग."

"नाही येत," मी म्हटलं.

"व्हय," मावशी म्हणाली, आणि शेगडीवरचं कणीस लिंबू-मीठ चोळून माझ्या हातात दिलं.